हिवाळ्यात स्नो लेपर्ड पाहायला जाताना शरीराची तयारी: पुण्याहून निघणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जानेवारी ते मार्चमध्ये लडाख किंवा स्पितीत हिमबिबट्या पाहायला जाणाऱ्यांसाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. औषधांची माहिती डॉक्टरांशी बोलताना हाताशी असावी म्हणून दिली आहे. गोळी घ्यायची की नाही आणि किती, हे त्यांनीच ठरवायचं.

एवढ्या थंडीतच का जायचं? मे-जूनमध्ये नाही का दिसत?

दिसण्याची शक्यता फारच कमी. उन्हाळ्यात भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (डोंगरी रानबकरा) उंचावरच्या कुरणांत चरतात आणि बिबट्याही तिकडेच असतो. बर्फ पडलं की हे कळप खाली दऱ्यांत, गावांच्या जवळ उतरतात आणि त्यांच्यामागे तोही येतो. शिवाय जानेवारी ते मार्च हा त्याच्या मिलनाचा हंगाम. या दिवसांत तो जास्त हिंडतो, ओरडतो, खडकांवर वासाच्या खुणा करतो आणि बर्फात त्याचे ठसे सापडतात. २०२४ साली जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेत भारतात ७१८ हिमबिबटे असल्याचा अंदाज आला, त्यातले ४७७ एकट्या लडाखमध्ये. म्हणून बहुतेक सहली लेहकडे जातात. हेमिस राष्ट्रीय उद्यानातलं रुंबक आणि लेहच्या पश्चिमेचं उले ही नेहमीची गावं. स्पितीत किब्बर आणि चिचम.

हा ट्रेक समजायचा का? रोज किती चालावं लागतं?

ट्रेकच्या मापाने चालणं फार नसतं. बऱ्याच दिवशी तीन ते सहा किलोमीटर, कधी त्याहूनही कमी. त्यामुळे लोक निर्धास्त होतात आणि तिथेच चुकतात. या सहलीतलं खरं कष्टाचं काम म्हणजे उभं राहणं. सकाळी उजाडल्यापासून संध्याकाळी दिसेनासं होईपर्यंत, मध्ये जेवणाचा तास सोडला तर, एखाद्या धारेवर वाऱ्यात थांबून समोरचा डोंगर दुर्बिणीने विंचरून काढायचा. असे पाच-सात दिवस सलग.

चढताना शरीर भरपूर उष्णता तयार करतं. शांत बसलेल्या माणसाची उष्णता साधारण १०० वॅट, चढताना ती सहज चौपट होते. म्हणजे दहा मिनिटं चढून धारेवर पोहोचलात की घाम आलेला असतो आणि पुढचे तीन तास त्याच ओल्या कपड्यांत, चौथाई उष्णतेवर काढायचे असतात. गड चढणाऱ्याला हा अनुभव नसतो, कारण गडावर आपण चालत राहतो किंवा उन्हात बसतो.

दुसरा अवघड क्षण म्हणजे वॉकीटॉकीवर “दिसला!” असं ऐकू येणं. स्पॉटर (बिबट्या शोधून देणारा माणूस) पलीकडच्या धारेवर असतो आणि तिथे जायला शे-दोनशे मीटरचा चढ असतो. सगळे धावत सुटतात. चार हजार मीटरवर असं धावलं की दोन मिनिटांत छाती भात्यासारखी हलते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बर्फाळ दगडावर पाय घसरतो. वर पोहोचल्यावर हात इतके थरथरतात की स्कोपमध्ये (एका डोळ्याने पाहायच्या मोठ्या दुर्बिणीत) काहीच स्थिर दिसत नाही. खरं तर घाईचं कारण नसतं. शिकार केलेला बिबट्या बहुधा काही दिवस तिच्या आसपास राहतो आणि दिवसातला बराच वेळ झोपून काढतो. आधी जॅकेट काढून सॅकला अडकवा. मग एक पाऊल, एक श्वास अशा चालीने चढा. शेजारच्याशी अख्खं वाक्य बोलता येत नसेल तर वेग जास्त आहे.

दर रविवारी सिंहगड चढतो. एवढं पुरे नाही का?

दमासाठी आणि पायांसाठी उत्तम, उंचीसाठी शून्य. पुणे साधारण ५६० मीटरवर, सिंहगडाचा माथा तेराशेच्या आसपास, कळसूबाई १६४६ मीटर. विरळ हवेचा त्रास सुरू होतो तो साधारण अडीच हजार मीटरच्या वर. महाराष्ट्रात एवढा उंच डोंगरच नाही, त्यामुळे इथे कितीही गड केले तरी शरीराला त्या हवेची सवय होणार नाही. तंदुरुस्त माणसाला उंचीचा आजार कमी होतो, असंही नाही. उलट मॅरेथॉन पळणारे पहिल्याच दिवशी अंगातली रग दाखवायला जातात आणि आडवे होतात. पूर्वी उंचीवर त्रास झाला होता का, हा सगळ्यात भरवशाचा निकष.

मग तयारी नेमकी काय करायची?

दहा आठवडे हातात ठेवा. आठवड्यातून तीन दिवस ४५ मिनिटं भरभर चालणं किंवा सायकल, बोलता येईल इतक्या वेगाने. वेताळ टेकडी, तळजाई, हनुमान टेकडी, जी जवळ असेल ती. दोन दिवस पायांची ताकद: २० सेंटिमीटरच्या पायरीवरून एका पायावर तोल सांभाळत सावकाश उतरायचं, प्रत्येक पायाने १२ वेळा, तीन फेऱ्या. त्याच्या जोडीला स्क्वॉट्स, टाचा उचलणं आणि एका पायावर ४० सेकंद उभं राहणं. शेवटचा व्यायाम लोक टाळतात, पण बर्फाखालच्या सुट्या दगडांवर घोटे सांभाळतो तोच.

आठवड्यातून एकदा आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड. पहिल्या आठवड्यात पाठीवर चार किलो, दहाव्यापर्यंत आठ. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या भरा. गुडघे कुरकुरत असतील तर वर पाणी ओतून द्या आणि रिकाम्या पाठीने उतरा. निघण्याच्या आधीचा आठवडा विश्रांतीचा, नुसतं चालणं.

उभं राहण्याचाही सराव लागतो. डिसेंबरात पहाटे टेकडीवर दुर्बीण घेऊन एक तास जागचं न हलता थांबा. कंबर, मान आणि तळपाय कुठे दुखतात ते तेव्हा कळतं. सातशे ग्रॅमची दुर्बीण गळ्यातल्या पट्ट्याला टांगली की दुसऱ्या दिवशी मान धरते. खांद्यांवरून येणारा हार्नेस घ्या.

लेहला विमानाने उतरल्यावर किती दिवस थांबायचं?

किमान तीन रात्री. लेह साधारण ३५०० मीटरवर आहे आणि तिथला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ६५ टक्क्यांच्या आसपास. दिल्लीहून सव्वा-दीड तासात तुम्ही तिथे पोहोचता. शरीराला हा बदल पचवायला दोन-तीन दिवस लागतात, त्याचं कारण मूत्रपिंडात आहे. विरळ हवेत आपण जोरात श्वास घेतो, त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, रक्त अल्कधर्मी होतं आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. मूत्रपिंड जादा बायकार्बोनेट बाहेर टाकेपर्यंत हा लगाम सुटत नाही. ही प्रक्रिया इच्छाशक्तीने लवकर होत नाही.

पहिला दिवस खोलीत. झोपून राहायची गरज नाही, पण सामान स्वतः उचलू नका, शांती स्तूपाच्या पायऱ्या चढू नका, अंघोळ राहू द्या. दुसऱ्या दिवशी सपाटीवर तासभर फेरी. तिसऱ्या दिवशी गाडीने जवळपास आणि थोडा चढ. चौथ्या दिवशी चार हजार मीटरच्या आसपासच्या गावी. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, या नियमात हे बसतं. दुसऱ्याच दिवशी खारदुंगला दाखवणारा कार्यक्रम असेल तर बदलून घ्या. ती खिंड ५३५९ मीटरवर आहे.

पुण्याहून रात्रीचं विमान, दिल्ली विमानतळावर जागरण आणि पहाटे लेह, हे स्वस्तात पडतं पण शरीराला महागात. एक रात्र दिल्लीत नीट झोपा. हिवाळ्यात लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, म्हणून परतीला एक-दोन दिवस मोकळे ठेवा. नाहीतर उशीर झाला की कात्री लागते ती लेहच्या विश्रांतीलाच.

स्पिती शरीराला सोपं जातं का?

चढ हळूहळू होतो, म्हणून हो. शिमल्याकडून किन्नौरमार्गे कल्पा (सुमारे २९०० मीटर), ताबो (३३०० च्या जवळ), काझा (३६५०) आणि मग किब्बर (४२००) असे मुक्काम घेत गेलं तर शरीर वाटेतच रुळतं. मनालीकडून कुंझुम खिंडीचा रस्ता हिवाळ्यात बंद असतो. तोटा असा की रोज सात-आठ तास गाडीत बसावं लागतं आणि रस्त्यावर बर्फ, दरडी असतात. कंबरेचं दुखणं असलेल्यांनी लेहचा विचार करावा. किब्बर रुंबकपेक्षा उंच आहे, हेही ध्यानात ठेवा.

डायमॉक्स (उंचीचा आजार टाळण्यासाठीची गोळी) घ्यावी का?

लेहला थेट विमानाने जाणाऱ्यांना बरेच डॉक्टर ती सुचवतात. नेहमीचं प्रमाण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, प्रवासाच्या आदल्या दिवसापासून. आपल्याकडे गोळी २५० ची मिळते, म्हणजे अर्धी-अर्धी. मूत्रपिंडाचं वर सांगितलेलं काम ती लवकर करवते. त्रास झाकत नाही. बोटांना मुंग्या येतात, लघवी वाढते, सोड्याची चव बेचव लागते. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. पहिली गोळी पुण्यात घेऊन बघा, परक्या ठिकाणी नको. आणि गोळी घेतली म्हणून लेहचा एक दिवस कापू नका.

कापूर, लसूण, कोका, ऑक्सिजनचे कॅन?

कापूर हुंगल्याने नाकाला गार, मोकळं वाटतं. रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही. लसणाचं सूप गरम असतं म्हणून प्यावं. होमिओपॅथीच्या कोकावर विसंबून दिवस कमी करणं धोक्याचं. छोट्या कॅनचं गणित सोपं आहे: दहा लिटर वायू मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटांत संपतो. गटाकडे मोठा सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्क आहे का, आणि तो लावायला कोणाला येतो, हे विचारा.

त्रास साधा आहे की गंभीर, कसं ओळखायचं?

डोकं दुखणं, आणि त्याबरोबर मळमळ, जेवण नकोसं होणं, गळून जाणं किंवा चक्कर, हा उंचीचा साधा आजार. त्याच उंचीवर थांबा, विश्रांती घ्या, डोक्यासाठी पॅरासिटामॉल चालते. लक्षणं जाईपर्यंत वर जायचं नाही. उंचीवर वाटणारी प्रत्येक अस्वस्थता उंचीमुळेच आहे असं धरून चाला. “काल पराठा बाधला” असं म्हणत पुढे जाणाऱ्यांची तब्येत वरच बिघडते.

गंभीर प्रकार दोन. मेंदूला सूज आली की माणूस असंबद्ध बोलतो, चिडतो किंवा सुस्त होतो आणि चालताना झोकांड्या जातात. परीक्षा घरगुती आहे: जमिनीवर तीन मीटरची सरळ रेघ, टाचेला पंजा लावत चालायला सांगा. तोल गेला तर वाट पाहू नका. फुप्फुसांत पाणी झालं की बसल्या जागी धाप लागते, कोरडा खोकला येतो, छातीत घरघर, पुढे गुलाबी फेस. हा त्रास बहुधा दुसऱ्या ते चौथ्या रात्री उफाळतो आणि आधी डोकं दुखेलच असं नाही. सगळ्यांच्या मागे पडणारा, दोन पावलांवर थांबणारा सोबती दिसला की त्याच्याकडे बघा.

दोन्हींत उपाय एकच: ताबडतोब खाली, रात्र असली तरी, आणि एकट्याला नाही. ऑक्सिजन असेल तर सुरू करा. डेक्सामेथासोन, निफेडिपिन ही औषधं जाणकाराच्या हातीच. रुंबक-उलेहून लेहचं सोनम नोरबू रुग्णालय गाठायचं. खाली आणल्यावर बरं वाटलं तरी त्या सहलीत पुन्हा वर नाही.

ऑक्सिमीटर ८६ दाखवतो. घाबरायचं का?

लेहच्या पहिल्या दोन दिवसांत ८५ ते ९२ आकडे नेहमीचे. बोट गार असेल तर आकडा खोटा कमी येतो. हात काखेत धरून गरम करा, नेलपॉलिश काढा, मिनिटभर थांबून वाचा. माणूस बरा आणि आकडा कमी, तर लक्ष ठेवा. माणूस बरा नाही, तर आकडा चांगला असला तरी ऐकू नका.

कोणी जाऊ नये, किंवा विचारून जावं?

नुकताच हृदयविकाराचा झटका आलेला, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फुप्फुसांचा जुनाट आजार, गर्भारपण, पूर्वी उंचीवर फुप्फुसांत पाणी झालेलं: यांनी तज्ज्ञाला भेटल्याशिवाय तिकीट काढू नये. सिकलसेलचा (लाल रक्तपेशींचा आनुवंशिक) दोष असलेल्यांनीही, अगदी वाहक असले तरी. उंचीवर प्लीहेला इजा होऊ शकते. विदर्भ आणि नंदुरबारकडची मुळं असलेल्यांनी ही तपासणी जरूर करावी.

हिमोग्लोबिन दोन महिने आधी तपासा. कमी निघालं तर लोह घेऊन वाढायला तेवढा वेळ लागतो. दमेकऱ्यांना कोरडी गार हवा बाधते. इनहेलर आतल्या खिशात. मधुमेहींचं इन्सुलिन गोठलं की निकामी होतं, ते अंगाजवळ ठेवायचं, आणि गार पडलेला ग्लुकोमीटर चुकतो. वय हा स्वतंत्र अडथळा नाही. सत्तरीचे लोक हे व्यवस्थित करतात, कारण ते घाई करत नाहीत. निघायच्या आठवड्यात सर्दी-खोकला, ताप असेल तर मात्र तारीख पुढे ढकला. छातीच्या संसर्गावर उंची चढली की फुप्फुसांत पाणी होण्याचा धोका वाढतो.

कपडे किती आणि कोणते?

रात्री उणे २०, कधी त्याखाली. सुती बनियन घरी ठेवा, घाम धरून ठेवतं. अंगालगत लोकरी किंवा पॉलिस्टर थर्मल, त्यावर फ्लीस, त्यावर डाऊन (पिसं भरलेलं) जॅकेट आणि सगळ्यांवर वारा अडवणारा थर. डाऊन जॅकेट इतकं सैल हवं की ते बाकी सगळ्यावर चढेल. चढताना ते सॅकमध्ये, धारेवर थांबल्याबरोबर अंगात. थंडी वाजेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

पाय सगळ्यात आधी हरतात. बूट एक नंबर मोठा घ्या; दोन मोजे कोंबून घट्ट झालेला बूट रक्त अडवतो आणि पाय जास्त गारठतात. उणे २० साठी केलेले इन्सुलेटेड बूट पुण्यात विकत घेण्यापेक्षा लेहमध्ये भाड्याने घेणं बरं. घरातले जुने ट्रेकिंग शूज नेणार असाल तर सोल वाकवून बघा: आपल्या पावसाळी दमट हवेत कपाटात चार-पाच वर्षं पडलेला पॉलियुरेथेनचा थर ठिसूळ होतो आणि पहिल्याच दिवशी सोल गळून पडतो. झोपायच्या फोमच्या मॅटचा ४० बाय ४० सेंटिमीटरचा तुकडा कापून सोबत ठेवा आणि धारेवर त्यावर उभे राहा. हलकी, फुकटची गोष्ट आहे, पण बर्फ आणि तळव्यामधली ती सगळ्यात उपयोगी वस्तू. दुपारी मोजे बदला. गोठलेल्या वाटांसाठी मायक्रोस्पाइक्स, म्हणजे बुटांवर चढवायचे छोटे खिळे.

हातांना पातळ आतला मोजा आणि वर बोटं एकत्र ठेवणारा जाड मोजा. ट्रायपॉडच्या धातूच्या पायांना फोम गुंडाळा. रासायनिक हँडवॉर्मरला हवा लागते. बंद मोज्यात कोंबला की तापत नाही, आणि उंचीवर तसाही मंद चालतो.

बोट किंवा नाकाचा शेंडा पांढरा, बधिर झाला तर काखेत किंवा उबदार तळव्यात धरा. बर्फाने चोळू नका, बुखारीजवळ (खोली तापवायच्या शेगडीजवळ) धरू नका. बधिर कातडी भाजल्याचं कळत नाही. कडक झालेला भाग ३७ ते ३९ अंशांच्या पाण्यात, आणि तो पुन्हा गोठणार नाही याची खात्री असेल तरच.

रात्री झोप लागत नाही, श्वास मध्येच थांबतो असं वाटतं.

झोपेत श्वास जोरात, मग मंद, मग काही सेकंद बंद, असा हेलकावतो. पहिल्या रात्री हे बहुतेकांना होतं आणि एरवी बरं वाटत असेल तर चिंतेचं नाही. झोपेच्या गोळ्या आणि दारू श्वास आणखी मंदावतात, दोन्ही नकोत. गरम पाण्याची बाटली स्लीपिंग बॅगमध्ये पायाशी.

बुखारीबद्दल मात्र कडक राहा. होमस्टेच्या खोलीत धुरांड्याचा जोड गळका असेल किंवा कोणी बंद खोलीत शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याचीही लक्षणं डोकेदुखी, मळमळ, गुंगी, म्हणजे हुबेहूब उंचीच्या आजारासारखी. एकाच खोलीतले सगळे सकाळी डोकं धरून उठले आणि अंगणात आल्यावर बरे झाले, तर संशय बुखारीवर घ्या. ऑक्सिमीटर इथे फसवतो. हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजन भरलेलं वाटतं आणि आकडा चांगला येतो. झोपण्याआधी आग विझू द्या, खिडकीची फट उघडी ठेवा, बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेऊन जा.

खाणं-पिणं कसं ठेवायचं?

दिवसाला तीन लिटरच्या आसपास, सूप आणि चहा धरून. लघवी फिकट पिवळी हवी. घटाघटा पाच-सहा लिटर पिऊ नका, रक्तातलं सोडियम घसरतं. हायड्रेशन बॅगची नळी गोठते, थर्मास घ्या. साधी बाटली असेल तर उलटी ठेवा, बर्फ वरून धरतं आणि तोंड मोकळं राहतं.

भूक मरते, तरी खायचं. थुक्पा (नूडल्सचं सूप), स्क्यू (कणकेच्या तुकड्यांचा रस्सा), डाळ-भात मिळतं, शाकाहाऱ्यांची अडचण होत नाही. पुण्याहून खजूर, शेंगदाण्याचे लाडू, मऊ गूळपोळी न्या. काय न्यायचं ते घरच्या फ्रीजरमध्ये ठरवा: तो साधारण उणे १८ असतो, म्हणजे धारेवरची पहाटच. रात्रभर चिक्की, चॉकलेट बार, सनस्क्रीन आत ठेवा. सकाळी जे दातांनी तुटत नाही किंवा नळीतून बाहेर येत नाही, ते तिथेही तसंच वागेल. बार न्यायचाच असेल तर आतल्या खिशात.

संडास-बाथरूमचं काय?

नळ गोठलेले असतात. गावांत कोरडे लडाखी संडास, खड्ड्यावर माती टाकायची. उकिडवं बसता येणं ही शारीरिक तयारीचीच गोष्ट आहे. दोन महिने आधी सराव करा. रात्री बाहेर जायला नको म्हणून पाणी कमी पिणं ही सर्रास होणारी चूक. रुंद तोंडाची, खूण केलेली बाटली खोलीत ठेवा, बायकांसाठी फनेल मिळतो. ओले वाइप्स गोठतात, झोपताना अंगाजवळ घ्या. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना उंचीवर जाणार असल्याचं सांगून विचारा.

डोळ्यांसाठी काय?

बर्फावरून परतणारा प्रकाश बुबुळ भाजतो. त्रास संध्याकाळी सुरू होतो: डोळ्यांत वाळू गेल्यासारखं, पाणी, उजेड सोसवत नाही. कडेनेही झाकणारा, कॅटेगरी ३ किंवा ४ चा गॉगल. स्कोपला लावताना तो काढावा लागतो, म्हणून दोरीने गळ्यात. लेन्स वापरणाऱ्यांनी चष्मा न्यावा.

विमा काढताना काय बघायचं?

तीन ओळी शोधा. किती मीटरपर्यंत संरक्षण आहे: काही पॉलिसींना उंचीची मर्यादा असते, तुम्हाला किमान ४५०० लागेल. हेलिकॉप्टरने हलवण्याचा खर्च येतो का, आणि त्यासाठी कोणाची आधी परवानगी लागते. तिसरं, आधीपासूनचे आजार. रक्तदाब किंवा मधुमेह फॉर्मवर लपवला तर दावा तिथेच अडतो. पॉलिसी क्रमांक, रक्तगट, चालू औषधं आणि ॲलर्जी एका कागदावर लिहून एक प्रत गटप्रमुखाकडे आणि एक जॅकेटच्या खिशात ठेवा. थंडीत फोनची बॅटरी अचानक बंद पडते.